खाडीच्या अंगाचा तांब्या

सानपाडा,
१२ जानेवारी २०२५

सुमित्राआजी,

पाया पडते. फोन केला की तू नुसतं "कोन? कोन?" करतेस आणि शेवटी वैतागून ठेवून देतेस. कानाचं मशीन तर म्हणे तांदळाच्या डब्यात टाकलंयस. म्हणून हे पत्र. चौथी पास असल्याचं सगळ्यांना ऐकवतेस ना? आता वाच आणि उत्तर दे.

तिवरखारात स्तंभ उभा राहतोय ते तुला कळलंच असेल. पप्पा कमिटीत आहेत, त्यामुळे दर रविवारी आमच्या हॉलमध्ये मीटिंग, आणि आईच्या डोक्याला चहाचा ताप. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात गावातले जे होते त्यांची नावं संगमरवरावर कोरायची आहेत. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलंय, कारण मी शाळेत इतिहास शिकवते आणि घरचीच आहे. चौदा नावं आली आहेत, चौदाही बाप्यांची. सगळ्यात वर माझे पणजोबा, धर्मराज घरत. मी विचारलं, बायका काय करत होत्या तेव्हा? एक काका म्हणाले, "भाकऱ्या." सगळे खो खो हसले. माझं डोकंच फिरलं.

तेव्हा मला गिरजाबाई आठवली. पणजोबांची पहिली बायको. आजी, गावात एकही लग्न असं नाही जिथे तू धवले गायला बसलीस आणि पहिली हाक तिला मारली नाहीस. एकवीरेच्या आधी तिला मांडवात बोलावतेस. मग भरलेला तांब्या घेऊन उठतेस आणि मांडवाबाहेर, खाडीच्या अंगाला नेऊन ठेवतेस. लहान असताना मी विचारलं तर म्हणालीस, "तिचा मान हाय." आईला विचारलं, ती म्हणाली, "गिरजीचं पाणी, हात लावू नको."

ज्या बाईला अख्खं गाव नव्वद वर्षं पहिला मान देतं, तिचं नाव दगडावर नको? पप्पा एवढंच म्हणतात की सत्याग्रहात तिला पोलिसांनी नेलं होतं. पुढचं त्यांना माहीत नाही म्हणे. ती काय करायची, कशी गेली, सगळं लिही. धवले तू तुझ्या आजेसासूकडून शिकलीस आणि तिने गिरजाबाईला डोळ्यांनी पाहिलं होतं. तू सख्खी आजी नसलीस तरी तुझ्याशिवाय आता कोणाला विचारू?

आणि हो, आमच्या घरी केतनचं लग्न मे महिन्यात धरलंय. मुलगी नमिता, सानपाड्याचीच, बँकेत आहे. पप्पांना मोठा बेंजो-बँड हवाय, पण धवले तूच गायचेस.

तुझी,
भावी

*

तिवरखार,
२५ जानेवारी २०२५

भावी पोरी,

तुझं पत्र पोचलं. मशीन डब्यात हाय ते खरं. कानात घातलं का कंटेनरच्या यार्डातल्या गाड्यांचा नुसता घरघराट, मानसाचं एक अक्षर नाय. तांदळात तरी कोरडं राहतं.

केतनच्या लग्नाला येईन. बेंजोवाल्याला सांग, धवला संपल्याबिगर दांडीला हात लावशील तर ढोलकं फोडीन.

तू इचारलंस म्हनून सांगते. आपले लोक आगरात राबायचे, मीठ पिकवायचे, आनि त्यातलंच मूठभर घरी नेलं तर चोर ठरायचे. त्या साली गावच्या बाप्यांनी दिवसाढवळ्या मीठ उचललं, पाट्या भरून गावात आनलं. पोलीस आले. बापे पळाले आनि खाडीतल्या तिवरांत जाऊन लपले. झाडी एवढी दाट का हातावरचा मानूस दिसायचा नाय. तू शाळेत काय शिकवतेस मना ठावं नाय, पन तिवरांत बसलेल्या मानसाला पोट असतंच की. त्यांना जेवन कोन पोचवनार? बायका. ओहोटी लागली का पाटी डोक्यावर, वर बोंबील नायतर कोलीम, खाली फडक्यात भात नि पान्याची चरवी. मांडीएवढ्या चिखलातून जायचं. पोलीस बंधाऱ्यावर उभे. कोलमाच्या वासाला नाक धरायचे, पाटीत हात घालायचे नायत.

गिरजा सगळ्यांत पुढं असायची. वय काय, तुझ्याहून लहान. एक दिवस तिलाच धरली. चौकीत नेली, पुष्कळ दिवस ठेवली. बापे कुठं हायत एवढंच इचारत होते. तिनं एकाचं पन नाव घेतलं नाय, जागा सांगितली नाय. चौदाच्या चौदा सुटले ते तिच्या दातखिळीनं. त्यात धर्मराजबाबा पन.

कशी गेली इचारतेस. खाडीनं गेली. त्याच्या पुढं मना लिहायचं नाय. दगडाचं सोड, पोरी. गान्यात हाय ती, तिथंच बरी हाय. जे लोक भाकऱ्या म्हनून हसले त्यांच्या दगडावर तिला कशाला बसवतेस?

आईला सांग, नाचनीचं पीठ संपलंय.

सुमित्राआजी

*

सानपाडा,
९ फेब्रुवारी २०२५

आजी गं,

तुझं पत्र मी मीटिंगमध्ये उभी राहून मोठ्याने वाचलं! शेवटचा भाग सोडून. ते भाकऱ्यावाले काका रुमालाने डोळे पुसत होते. पप्पा उठून उभे राहिले. म्हणाले, "आमच्या घरातली बाई. आणि आम्ही तिला विसरलो होतो." एका दमात ठराव पास झाला. पंधरावं नाव गिरजाबाई धर्मराज घरत, आणि पणजोबांच्या शेजारीच. मी रडले आजी, खरं सांगते.

तू "खाडीनं गेली" एवढंच लिहिलंस. पप्पा म्हणाले, म्हणजे परत तिवरांत डबा पोचवायला गेली असणार आणि पोलिसांनी बंधाऱ्यावरून गोळी घातली असणार. दुसरं काय? बाकीच्यांनाही ते पटलं, आणि मलाही. तुला लिहायला त्रास होतोय हे मला कळतं, पण आता लिहायची गरजच नाही. मी मजकूर फायनल केला: "गिरजाबाई धर्मराज घरत. सत्याग्रहींना अन्न पोचवताना इंग्रजांच्या गोळीबारात वीरमरण." कारागिराकडे गेलासुद्धा. सहा एप्रिलला अनावरण आहे, आणि मंचावर तुला बसवायचंय.

नको म्हणू नकोस. गाण्यातलं नाव तू आहेस तोवर. तुझ्यामागे धवले कोणाला येतात? हल्लीच्या पोरी हळदीत डीजेवर नाचतात. दगड राहील.

पीठ पप्पांबरोबर पाठवते.

भावी

*

तिवरखार,
२० फेब्रुवारी २०२५

भाविका,

गोळी कोनी घातली? तू पाहिलीस? तुझ्या बापानं पाहिली? अगं बाई, इतिहास शिकवतेस ना पोरांना, का असंच शिकवतेस?

मना राग आलाय. दोनदा पत्र लिहून फाडलं. हे तिसरं. हे तुझ्या बापाच्या, हरेशच्या हातात देत नाय, पोस्टानं टाकते. एकटी बस आनि वाच.

चौकीतून गिरजा आली ती बंधाऱ्यावरनं चालत, अनवानी, केस कापलेले. माझी आजेसासू पान्याला चालली होती, तिनं पहिल्यांदा पाहिली. चौकीत काय झालं ते गिरजेनं सांगितलं नाय आनि आजेसासूनं इचारलं नाय. दिसत होतं. आनि गोरा वगैरे कोन नव्हता गं तिथं, सगळे आपल्याच मुलखातले, आपल्यासारखे बोलनारे.

घराशी आली तर सासऱ्यानं दाराला कडी घातली. गावकी बसली. चौकीत रात्री काढून आलेली बाई घरात कशी घ्यायची? ज्या बाप्यांची नावं तिनं दाताखाली ठेवली, त्यांच्याच बापांनी, चुलत्यांनी ठरवलं. विहीर बंद, इस्तव बंद, कोनी बोलायचं नाय. माहेरचे पन आले नायत. मिठाच्या खोपीत राहिली ती, भर उन्हाळ्यात. आगराचा मुलूख, चारी बाजूंना पानी, घोटभर पिता येनार नाय. आपल्यातल्या एकीनं पन दिलं नाय. वाडीतल्या, आता बौद्ध झालेल्यांच्या, एका म्हातारीनं दिलं, ज्यांना आपल्या विहिरीला हात लावायची बंदी तिनं. तर ते पानी प्याली हा तिचा दुसरा गुन्हा धरला.

धरपकड थंडावली तसे बापे तिवरांतनं बाहेर आले. हार घातले त्यांना. धर्मराजबाबा पन आले. त्यांना ठावं होतं ती खोपीत हाय. गेले नायत. पाऊस लागायच्या आत त्यांचं दुसरं लगीन उरकलं. पोरगी न्हातीधुती पन नव्हती.

त्या मांडवात माझी आजेसासू धवले गायला बसली होती. पाटावर धर्मराज, डोक्याला बाशिंग. घरान्यातल्या गेलेल्यांना आवतन देत होती, या म्हनून. तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी गिरजा येऊन उभी राहिली. कोनाला शिवी नाय, शाप नाय. "पानी द्या," एवढंच म्हनाली. धर्मराजनं मान वर केली, तिला पाहिली, आनि मान खाली घातली. सासरा आजेसासूला म्हनाला, "गा गं, थांबू नको." आनि ती थांबली नाय, आवाज चढवून गात राहिली. गिरजा उभी होती तोवर गात होती. मग ती खाडीकडं गेली. भरती होती. सकाळी तिवरांत सापडली, जिथं भात पोचवायची तिथंच.

हा तुझा गोळीबार.

पुढच्या लग्नात आजेसासूनं पहिली हाक गिरजेला मारली. म्हातारे उठले, "हे काय?" ती म्हनाली, "आवतन कोनाला द्यायचं ते धवलारीन ठरवते. नको असंल तर मी उठते, नवरी परत पाठवा." धवलारीन उठली का लगीन लागत नाय आपल्यात. गप बसले. गानं संपल्यावर ती उठली, मांडवाबाहेर जाऊन तांब्या ठेवला. त्या साली बंधारा फुटला आनि गाव भ्यायलं, म्हनून कोनी बंद केलं नाय. पहिलं भ्याव होतं, मग सवय झाली, आनि तू म्हनतेस मान. मान कसला! मीच तुला तसं सांगितलं होतं, लहान होतीस म्हनून. ते पानी आपन द्यायला पाहिजे होतं ते हाय. दर लग्नात बाप्यांनी मान खाली घालून ते नाव ऐकायचं, एवढीच तिची वसुली.

ज्या लग्नाच्या मांडवात तिनं पानी मागितलं, त्या लग्नाचा पोर तुझा आजा. त्या आजाचा हरेश. हरेशची तू नि केतन. आता तुला कळलं असंल मी का लिहीत नव्हते.

तुझ्या पनजीला मात्र नावं ठेवू नको. ती पोर होती. मोठेपनी सगळं कळलं तिला. मरेपर्यंत गावच्या दर लग्नात तो तांब्या ती सोता घासून माझ्या हातात द्यायची.

दगड थांबव.

सुमित्रा

*

सानपाडा,
१६ मार्च २०२५

आजी,

उत्तराला उशीर झाला. सुरुवातच होत नव्हती. शाळेतून आले की नुसती पडून राहायचे. माझं नाक पणजोबांसारखं आहे असं सगळे कौतुकाने सांगतात. आता आरशात तेच दिसतं. किळस येते, असं लिहिलं तर तू रागावशील. पण येते.

पप्पांना विचारलं. आजी, त्यांना माहीत होतं. सगळं. त्यांच्या बापाने त्यांना सांगितलं होतं, गावातल्या प्रत्येक घरात बाप मुलाला सांगतो म्हणे, लग्नाच्या आधी, म्हणजे मांडवात ते नाव ऐकून दचकायला नको. पोरींना सांगत नाहीत. मीटिंगमध्ये जे रडत होते त्यातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. मग रडले कशाला? मी ओरडून विचारलं. पप्पा म्हणाले, "हलकं वाटलं म्हणून."

मी म्हटलं, मजकूर बदला. "पोलिसांना नावं सांगितली नाहीत. गावाने पाणी दिलं नाही." एवढी दोनच वाक्यं. पप्पा शांतपणे म्हणाले, "वाक्यं दोनच आहेत, पण त्यावर चौदा नावं उभी आहेत. ती पुसू का? तुझ्या पणजोबांचं पुसू? लोक थुंकतील. केतनच्या सासरचे काय म्हणतील?" आईकडे पाहिलं तर ती भाजी निवडत होती. मी कमिटीच्या सगळ्यांना फोन केले. कोणी म्हणालं, बाई, आता शंभर वर्षं होत आली, कशाला चिखल ढवळतेस. कोणी म्हणालं, बदनामी तिचीच होईल ना, चौकीत काय झालं ते सगळ्यांना कळेल. तिची बदनामी!

कारागिराकडे स्वतः गेले. दगड कोरून तयार आहे. गिरजाबाई धर्मराज घरत, गोळीबारात वीरमरण. शब्द माझेच, अक्षर फार सुंदर आलंय.

मी अनावरणाला येणार नाही. तूही जाऊ नकोस.

भावी

*

तिवरखार,
८ एप्रिल २०२५

भावी,

मी गेले होते. तू येनार नाय म्हनालीस, मग तिच्या बाजूचं कोनीतरी तिथं पाहिजे ना.

मंडप मोठा घातला होता, पंखे होते. मना पहिल्या रांगेत बसवली, शाल घातली, नारळ दिला. दगडावरचं फडकं ओढलं तेव्हा टाळ्या वाजल्या. मी वाचलं. दोघांची नावं शेजारी शेजारी, नवराबायकोसारखी. ती खोपीत होती तेव्हा एवढा शेजार मिळाला असता तर दगड लागला नसता.

मग हरेश बोलायला उभा राहिला. मी मशीन घालून गेले होते, म्हनून ऐकू आलं. नसतं घातलं तर बरं झालं असतं. तो म्हनाला, "नव्वद वर्षं आपण आपल्या गिरजाआईला मांडवाबाहेर पाणी देत आलो. आज ती सन्मानाने आत आली. आज तिचा आत्मा शांत झाला. म्हणून कमिटीने ठरवलंय, यापुढे लग्नात ती हाक नको, तो तांब्या नको. शुभकार्यात तसलं काही नको. तिचा मान आता इथे, दर वर्षी, हार घालून."

आनि टाळ्या पडल्या, पोरी. सगळ्यांत जोरात बायकांनी वाजवल्या. त्यांना काय ठावं? त्यांना वाटलं चांगलंच झालं.

नव्वद वर्षांत कोनाला जमलं नाय ते ह्यांनी एका भाषनात केलं. धवलारनीला उठवायची हिंमत नव्हती, म्हनून मयत बाईला शाल घालून गप केली. तुझ्यावर राग होता तो गेला. तू चांगल्या मनानं केलंस. पन झालं ते झालं तुझ्याच हातानं, हे मी तुझ्यापासून लपवनार नाय.

मी उठून बोलायला बघितलं तर तोंड वाकडं व्हायला लागलं. डाव्या हाताला मुंग्या आल्या. लोकांना वाटलं म्हातारी गहिवरली. पानी पाजून घरी आनून सोडली. दोन दिवस झाले, बरी हाय, पन डावा हात जड हाय नि जीभ जड हाय. केतनच्या हळदीला माझ्यानं गायला होईल का, खरं नाय.

म्हनून आवतनाचे बोल खाली लिहिते. चाल तुला ठावं हाय, जन्मभर ऐकलीस.

ये गं गिरजे, मांडवा ये,
तुझी वाट कोनी झाडली नाय.
घे गं गिरजे, पानी घे,
तुझी तहान कोनी फेडली नाय.

तीनदा म्हनायचं. मग तांब्या घेऊन उठायचं. मागं वळून बघायचं नाय, आजेसासूनं मना असंच शिकवलं. तू घरची पोर, तुला धवलारीन कोन म्हनंल? नको म्हनू देत.

सुमित्राआजी

*

तिवरखार,
१४ मे २०२५

आजी,

हे पत्र मी तुझ्याच गावात, आमच्या जुन्या घराच्या पडवीत बसून लिहितेय. तू उरणला भाचीकडे, आडवी. ती म्हणाली, बोलणं गेलंय पण वाचून दाखवलं की डोळे उघडतात. ताई, हे तिला सावकाश वाचून दाखव. आणि मशीन घाल तिला.

परवा हळद झाली. पप्पांनी मांडव इथेच घातला, स्तंभासमोर, म्हणजे पाहुण्यांना दिसेल. बेंजोवाले दुपारपासून येऊन बसले होते. तू नाहीस म्हणून धवल्यांची गोष्टच कोणी काढली नाही. एक काकू म्हणाल्या, मोबाईलवर मिळतात गं धवले, लावू या. नमिताची माणसं सानपाड्याहून बस करून आली होती. दोन्ही हळदी एकाच मांडवात, हॉलचा खर्च वाचवायला.

नमिताला मी आधीच सगळं सांगितलं होतं. मागच्या आठवड्यात, तिच्याच घरी. मला वाटलं, ज्या घरात येतेय तिथलं तिला माहीत असावं. बापाने मुलाला सांगायचं असेल, तर मी नमिताला का नाही? केतनला विचारलं तर तो म्हणाला, "जुन्या गोष्टी आहेत यार, टेन्शन नको घेऊ." त्यालाही माहीत होतं आजी. त्यालाही पप्पांनी सांगितलं होतं.

दोघं पाटावर बसली. बायका हळद लावायला उठणार, तेवढ्यात मी मांडवाच्या खांबाशी, मेढीपाशी जाऊन बसले आणि गायला लागले. आवाज फाटला. पहिली ओळ तर कोणाला कळलीच नाही. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. पप्पा धावत आले, दातओठ खात म्हणाले, "भाविका, ऊठ. पाहुणे बघतायत. ते बंद झालंय आता." मी तिसऱ्यांदा म्हटलं. पप्पांनी बेंजोवाल्यांना हात केला आणि सगळं एकदम सुरू झालं. माझ्या तोंडातलं मलाच ऐकू येईना. तुझी आजेसासू गिरजेला झाकायला आवाज चढवून गायली होती ना? तसंच झालं, फक्त आता स्पीकरने.

मी तांब्या घेऊन उठले. मांडवाच्या तोंडाशी पप्पा उभे राहिले, हात आडवा धरून. मी त्यांना ढकललं नाही. खरं सांगते, माझ्यात ती ताकद नव्हती. मी रडत उभी राहिले. चारशे माणसांसमोर.

तेव्हा नमिता पाटावरून उठली. हळदीने भरलेली, हातात कट्यार. नवरी उठली म्हटल्यावर बेंजोवाले गोंधळून थांबले. ती पप्पांसमोर येऊन उभी राहिली. भांडायला आल्यासारखी नाही, सुनेने विचारावं तसंच विचारलं, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"पप्पा, मला एक सांगा. उद्या मला कोणी धरून नेलं, आणि चार दिवसांनी मी परत आले, तर ह्या घरात मला पाणी मिळेल ना?"

पप्पांनी तोंड उघडलं आणि मिटलं. नमिताने मग केतनकडे पाहिलं. तो पाटावर बसलेला होता, बाशिंग नव्हतं एवढाच फरक. त्याने पप्पांकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

तिने माझ्या हातातून तांब्या घेतला. पप्पांचा हात आपोआप खाली आला. ती बाहेर गेली. स्तंभाच्या मागे आता खाडी नाही, यार्डाची भिंत आहे आणि त्यावर डोकावणारे कंटेनर. भिंतीच्या कडेला तिने तांब्या ठेवला आणि मागे न बघता आली. ते मी तिला शिकवलं नव्हतं.

मला वाटलं ती आता तशीच बसमध्ये जाऊन बसेल. तिची आई तिच्या कानाशी काहीतरी बोलत होती. लग्नाचा हॉल बुक होता, पत्रिका वाटल्या होत्या, दागिने अंगावर होते. ती पुन्हा पाटावर जाऊन बसली. काल लग्न लागलं. ती ह्या घरात आली आहे, आत झोपली आहे. केतनशी बोलत नाही. मी तिला विचारलं, का आलीस? ती म्हणाली, "दुसऱ्या कुठल्या घरात उत्तर मिळालं असतं, सांग."

दगड तसाच आहे. आज सकाळी गावातल्या कोणीतरी त्याला हार घातलाय. गोळीबारात वीरमरण. पुढच्या वर्षी मुलांची सहल येईल, ती हेच वहीत उतरवतील, आणि ते मी लिहिलंय. तांब्या अजून भिंतीशी आहे, पाणी आटलं होतं म्हणून मी दुपारी भरून आले.

पस्तीस वर्षं झाली आईला ह्या घरात. आत्ता पडवीत येऊन माझ्या शेजारी बसली, भांडी घासून, हात पदराला पुसत. पप्पा अंगणात मांडव सोडवणाऱ्यांशी हिशेब करत होते. तिने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "का गं भावी, 'हो' म्हणायला एवढा वेळ लागतो?"

तुझी,
भावी